अम्माच्या आवाजातला खुनी

आमच्या घरी दर महिन्याला एक बाई मरायची. दुपारची जेवणं आटोपली, की घराच्या मधल्या उघड्या चौकात आम्ही तिघी बसायचो. माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, विळीवर भाजी चिरायची, मी तांदूळ निवडायची आणि अम्मा पुस्तक उघडायची. मग त्या महिन्याची बाई प्रेमात सापडायची, घाबरायची, पळायची आणि शेवटी गळा चिरून पडायची. चहाच्या वेळेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं.

तंजावूरच्या जुन्या बसस्थानकावर पेपरच्या दुकानात दोरीला चिमटे लावून पातळ तमिळ पुस्तकं टांगलेली असत. महिन्याला एक नवी रहस्यकथा; ती येईपर्यंत रोज दुपारी जुन्याच पुन्हा वाचायच्या. कागद असा, की हातात धरला तर बोटं काळी व्हायची. त्यातल्या एका मालिकेचं आम्हाला खुळ लागलं होतं. तिचा नायकच खुनी होता आणि गोष्ट तोच सांगायचा. त्याला नाव नव्हतं, तो नुसता ‘मी’ होता. दर महिन्याला तो एका बाईवर जीव टाकायचा. ती मोगरा कुणाकडून घेते, बसमधून उतरताना पदर कुठे खोचते, तिला कोणता मामा त्रास देतो, सगळं सगळं त्याला ठाऊक. मग तिच्या सुखासाठी तो एकेकाला वाटेतून दूर करायचा. मामाला विहिरीत, साहेबाला रेल्वेखाली, मैत्रिणीला उशीखाली. शेवटी ती बाईच त्याच्या प्रेमाला पुरी पडायची नाही, आणि तो तिला मारायचा. मारून झाल्यावर तिचे केस विंचरायचा आणि खरोखरीचं रडायचा. पुढच्या महिन्यात नवी बाई.

हे सगळं तमिळमध्ये वाचून झालं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आमच्या अप्पांचा एक कायदा होता. आमचे पूर्वज मराठा राजांबरोबर तंजावुरात आले, राजवाड्यामागच्या गल्लीत राहिले ते राहिलेच. अप्पा सरकारी कचेरीत कारकून, दिवसभर तमिळमध्ये फायली लिहायचे, पण घरात पाऊल टाकलं की म्हणायचे, “उंबऱ्याआंत मराठी. बाहेर काय पाहिजे तें बोला.” त्यांचा आविर्भाव असा, जणू घरात एक तमिळ शब्द शिरला तर राजे पुन्हा एकदा वारतील. देवनागरी आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती. मी ती शिकले पुढे, लग्न होऊन पुण्याला आल्यावर, आणि इथल्या लोकांनी माझ्या बोलण्याला यथेच्छ हसून घेतल्यावर. तेव्हा आमची मराठी म्हणजे नुसती तोंडातली. त्यामुळे अम्मा डोळ्यांनी तमिळ वाचायची आणि तोंडाने मराठी सांगायची. न अडखळता, चौथी शिकलेली बाई.

आणि सांगताना ती त्याला आमचा करून टाकायची. पुस्तकात तो मद्रासचा कुणीतरी सडाफटिंग. अम्माच्या तोंडून तो आंबट वरण भुरकायचा, आईच्या श्राद्धाला हळवा व्हायचा. जिथे लेखकाने नुसतं ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं लिहून वेळ मारून नेलेली असायची, तिथे अम्मा आपल्या पदरचं घालायची. तिचं एक वाक्य तर ठरलेलंच होतं. प्रत्येक बाईला तो पहिल्यांदा भेटला, की अम्मा आवाज खाली आणून म्हणायची, “तुझे सावलीवर कोणीं पाय ठेवटला, तर तो पाय त्याजवळ राहणा.” राहणा, म्हणजे राहणार नाही. माझ्या अंगावर काटा यायचा. मी सोळा वर्षांची होते, मला तो फार आवडायचा. असा आपल्यावर कुणी लक्ष ठेवून असावा, असं मला मनापासून वाटायचं.

अक्काला तो डोळ्यांसमोर नको असायचा. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. स्टेशनजवळ एक कॉम्प्युटर शिकवण्याचं केंद्र नवीनच उघडलं होतं, तिथे ती सकाळी शिकवायला जायची. त्या वर्षांत असं एकेक काहीतरी गावात उघडत होतं, फोनचे बूथ, कॉम्प्युटर, केबल. आमच्या घरातली बाहेर जाऊन कमावणारी ती पहिली मुलगी. तिची बोटं टाइप करताना दिसायची नाहीत इतकी भरभर चालत. विळीवर वांगं चिरता चिरता ती म्हणायची, “ह्याला एक तरी बाई कानाखालीं देईना काय?”

“उगी गं,” अम्मा म्हणायची. “अता कुठें तो तिचे दारांत आला अहे.”

केबलवाला आमच्या गल्लीत आला तो त्याच सुमारास. शेजारच्या दुमजली घरावर मोठी थाळी बसली आणि तिथून साऱ्या गल्लीत काळ्या तारा निघाल्या, आमच्या छपरावरूनही. तो पंचविशीतला, गोरटेला, केस पाण्याने चापून बसवलेले, हसला की समोरच्याला आपणच काहीतरी गमतीचं बोललो असं वाटायचं. कमरेला एक कोयता लटकवलेला असायचा, तारांवर येणाऱ्या नारळाच्या झावळ्या आणि फांद्या तोडायला. म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलून देई, कुणाचा पंखा दुरुस्त करी. गल्लीने त्याला डोक्यावर बसवला होता. कुठल्याही घराच्या छपरावर तो कधीही असे आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. केबल आहे म्हणजे छपरावर माणूस असणारच.

वर्षभर तो आमच्याशी तमिळमध्येच बोलला. मग एक दिवस अम्माने दिलेली कापी, म्हणजे कॉफी, पिऊन त्याने कापीची पितळी वाटी, डबरा, खाली ठेवला आणि म्हणाला, “कापी चांगली झाली अहे, अम्मा. साखर मात्र थोडकी जास्त.”

अम्मा दाराची चौकट धरून उभी राहिली. आमच्या मराठीचं बाहेरच्याला काय कौतुक कळणार? पुण्याहून कुणी राजवाड्यातली पुस्तकं बघायला आलं तर ते वेगळं बोलायचे, पुस्तकी. हा आमचं बोलला. नेमकं आमच्या चौकातलं.

“तूं मराठी बोलतोस?”

“माझी आई पापनाशमची होती. मी लहान असतांनाच गेली.” आणि त्याचे डोळे भरून आले.

झालं. त्या दिवसापासून तो आमचा झाला. अप्पांना तर आभाळ ठेंगणं झालं. आमच्या लोकांत मुलींना स्थळं मिळायची मारामार. घरं थोडी, त्यांतली निम्मी आपसांत नातेवाईक, उरलेल्यांची मुलं तमिळच बोलणारी. आणि इथे दारात मराठी बोलणारा देखणा मुलगा. अप्पांनी त्याला कुळ विचारलं, त्याने खाली बघून सांगितलं की आई गेल्यावर बापाने ते सगळं बोलू दिलं नाही. पापनाशमला अप्पांचे एक ओळखीचे होते, त्यांनाही असं कुणी घर आठवेना. “बोलतो की नाहीं मराठी? मग आपलाच,” अम्मा म्हणाली. तिने मला हळूच असंही सांगितलं की अक्काला हा शोभेल. मला हेवा वाटला, खरं तेच सांगते.

पहिल्यांदा खटकलं ते अक्काला. तो एकदा चौकात बसला असताना अम्मा म्हणाली, “ती परात इकडे दे रे.” तो हसत उठला, इकडेतिकडे पाहिलं, आणि कळशी उचलून दिली. दुसऱ्यांदा सांडशी मागितली तेव्हा नुसता हसला. मग अक्काने त्याची परीक्षाच घेतली. कांडण, पोतेरं, शेवग्याच्या शेंगा, नाक शिंकर, अंगठा चोखू नको, असं काहीबाही त्याच्यासमोर बोलत राहिली आणि त्याचा चेहरा बघत राहिली. संध्याकाळी तिने आम्हाला सांगितलं.

“अम्मा, त्याला परात कळना. नाक शिंकर कळना. पण प्राण, रक्त, गळा, विरह, सगळं येतं. मराठी आईनें वाढवटलेलं पोर, त्याला पहिलें नाक शिंकर येईल की गळा चिरणें येईल?”

“लहानपणीं ऐकटलेलं विसरला असेल.”

“मग गळा कोणीं शिकवटला?”

अम्मा तिच्यावर चिडली. तुला प्रत्येकात खोटच दिसते म्हणाली. अप्पा म्हणाले, विचार करून बोलावं. मला अक्काचं पटलं होतं आणि पटावं असं वाटत नव्हतं.

काही दिवसांनी अक्का केंद्रातून आली ती तोंड पांढरं करून. केंद्राच्या जिन्यात त्याने तिला गाठलं होतं. तिच्याबरोबर शिकवणारा एक तरुण तिरुवैयारूहून सायकलने यायचा. तो तिला बसथांब्यापर्यंत चालत सोबत करायचा, इतकंच. ते दोघे खाली उतरताना हा मध्ये उभा राहिला, त्या तरुणाकडे बघून गोड हसला आणि अक्काला आमच्या मराठीत म्हणाला, “तुझे सावलीवर कोणीं पाय ठेवटला, तर तो पाय त्याजवळ राहणा.” शेजारी उभ्या त्या बिचाऱ्याला एक अक्षर कळलं नाही. तो उलट हसून नमस्कार करून मोकळा झाला.

मी माळ्यावरून जुन्या कादंबऱ्यांचा गठ्ठा काढला आणि तिथेच उकिडवी बसून पानं उलटत गेले. प्रत्येक कादंबरीतली पहिल्या भेटीची जागा मला पाठ होती. कुठेच ते वाक्य नव्हतं. सावली नव्हती, पाय नव्हता. ते जगात एकाच ठिकाणी बोललं गेलं होतं, आमच्या चौकात, दुपारी, अम्माच्या तोंडून.

अप्पा तसेच कचेरीच्या कपड्यांत शिडी लावून छपरावर चढले. चौकाच्या वरच्या कठड्याला लागून, जिथून खालचं काही दिसत नाही पण शब्दन् शब्द ऐकू येतो अशा जागी, एक गोणपाट अंथरलेलं होतं. माणसाच्या वजनाने बसलेलं, मऊ झालेलं. भोवती सिगारेटची थोटकं, आणि अक्काने टाकून दिलेल्या मोगऱ्याच्या सुकलेल्या वेण्या, एकीवर एक नीट रचून ठेवलेल्या. अप्पा खाली आले. म्हणाले, “तो तेथें वर्षभर बसून होता.”

म्हणजे आम्ही तिघी खाली वाचत होतो तेव्हा चौथा वर ऐकत होता. तमिळ कादंबरी त्याच्याकडेही असणार; एक वाक्य पुस्तकात, तेच वाक्य अम्माच्या तोंडून. अशी तो आमची भाषा शिकला. म्हणून त्याला परात येत नव्हती. पुस्तकातल्या त्या माणसाने कधी कणीक मळली नव्हती.

अप्पांनी दुसऱ्याच दिवशी केबल तोडायला लावली आणि त्याला दारात सांगितलं, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. तो ओशाळला नाही, भांडला नाही. “सरी, अप्पा,” म्हणाला. सरी म्हणजे बरं; पण अजूनही ‘अप्पा’च.

त्याच आठवड्यात कावेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दिवेलागणीच्या आधी, अक्काच्या सोबतीचा तो तरुण सायकलवरून घरी जात असताना कुणीतरी मागून त्याला लाथ घालून शेतात पाडलं. तो पालथा पडला. पाठीवर गुडघा रोवून त्या माणसाने त्याचा उजवा पाय घोट्याच्या वर तोडायला घेतला. एका घावात झालं नाही. पुन्हा पुन्हा घाव घातले, हाड लागलं की कोयता हलवून सोडवायचा आणि पुन्हा घालायचा. पाय लोंबत राहिला, तो पुढे दवाखान्यात काढूनच टाकावा लागला. त्या तरुणाला चेहरा दिसला नाही, तोंड चिखलात दाबलेलं होतं. त्याने पोलिसांना एवढंच सांगितलं, की मारणारा मारता मारता रडत होता.

अक्का त्याला बघायला गेली होती, तिने हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अम्मा उठली. तिने कादंबऱ्यांचा सगळा गठ्ठा पाणी तापवायच्या चुलीत कोंबला. पोलीस दोनदा येऊन गेले, केबलवाला त्याच्या खोलीवर नव्हता, गावातच नव्हता म्हणे. अप्पांनी अक्काचं बाहेर जाणं बंद केलं. अक्का म्हणाली, “त्यानें पाय तोडटला तो माझा नव्हे. मी जाणार.” अप्पा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले. ती राहिली घरी, पण मला तिचा राग कळत होता. आम्ही दार लावून बसलो आणि चौक वर उघडाच होता.

तो तिथूनच आला. दुपारी, अप्पा कचेरीत असताना. अम्मा मुसळाने मिरच्या कांडत होती, अक्का न्हाऊन केस मोकळे सोडून खांबाशी उभी होती, मी तिच्या मागे. कौलांचा आवाज झाला, वर बघेपर्यंत तो कठड्याला लटकून खाली उतरलासुद्धा. दाढी वाढलेली, शर्टाला वाळका चिखल, हातात कोयता. आणि तो बोलायला लागला.

मला त्या घावांपेक्षा ते बोलणं अजून जास्त छळतं. तो अम्मासारखा बोलत होता. अम्मा जिथे श्वास घ्यायची तिथे श्वास घेत होता, जिथे आवाज खाली आणायची तिथे खाली आणत होता. आधी सावलीचं ते वाक्य, मग मी तुझ्यासाठी किती केलं, तुझ्या वाटेतला काटा काढला, आता तूच मला दूर लोटतेस, मग मला तुला नेलंच पाहिजे. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आम्ही दर महिन्याला भिंतीला टेकून हेच ऐकलं होतं, आणि पुढे काय होतं तेही आम्हाला ठाऊक होतं.

अक्का तमिळमध्ये म्हणाली, “वेळिये पो.” बाहेर हो.

“मजशीं मराठींत बोल.”

“वेळिये पो.”

“मराठींत बोल मणटलं ना.”

तिने तिसऱ्यांदा तेच म्हटलं तेव्हा त्याने कोयता घातला. मानेवर घातला होता. अक्काने हात आडवा केला, डाव्या हाताची दोन बोटं तुटून उडाली आणि पातं खांद्यात रुतलं. ते बाहेर काढायला त्याने तिच्या छातीवर पाय दिला. मी खाली वाकून त्याच्या दुसऱ्या पायाच्या पोटरीला चावले. सगळे दात रुतवले, तोंडात त्याचं रक्त आलं, खारट आणि कोमट, तरी सोडलं नाही. त्याने माझ्या डोक्यात कोयत्याची मूठ हाणली. तेवढ्यात अम्माने मुसळ फिरवलं.

पहिला फटका गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी कानाशी ऐकला. तो पडला. दुसरा कोयत्याच्या हातावर. कोयता सुटला, पायाने मी तो मोरीकडे लोटला. तिसरा त्याच्या तोंडावर, दात फरशीवर सांडले. तो तुटक्या तोंडाने म्हणाला, “अम्मा, पुरे.” आमच्या मराठीत. अम्मा क्षणभर थांबली आणि मग तिने पुन्हा सुरू केलं, तोंडावरच. मिरच्यांची पूड मुसळाला चिकटलेली होती, ती त्याच्या जखमांत जात होती आणि तो किंचाळत होता. मला आनंद झाला. आज विचारलं तरी हेच सांगेन. शेजारच्यांनी दार फोडून अम्माला कमरेला धरून मागे ओढलं, नाहीतर तिने त्याला तिथेच संपवलं असतं.

अक्काची बोटं मी शोधली. एक तुळशीच्या कट्ट्याशी होतं, एक न्हाणीच्या वाटेवर. दोन्ही कापीच्या डबऱ्यात घालून मी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बघितलं आणि डबरा बाजूला ठेवून दिला. अक्का वाचली.

तोही वाचला. जबडा वाकडा झाला, लंगडत कोर्टात यायचा. खटला उभा राहायला फार वेळ गेला. त्या तरुणाच्या पायाबद्दल त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता. जो काही खटला होता तो आमच्या चौकातला. आणि त्याच्या वकिलाने त्याचाच वेगळा रंग करून ठेवला. मुलीचं लग्न याच्याशी ठरत होतं, घरात जावयासारखा मान होता, प्रेमाची भाषा त्या घराचीच होती, मग मुलीचं मन फिरलं. हा समजूत घालायला आला, झाडं तोडायची वस्तू कमरेला होती ती होतीच, आणि आईने मुसळ घेतल्यावर झटापटीत लागलं. ऐकताना वाटायचं, ही पण एक कादंबरीच. तो सुटला असता तर अक्काला मारायला परत आला असता, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. अक्का कोर्टात दाराकडे पाठ करून बसत नसे.

अम्माची साक्ष सुरू झाली. तो काय म्हणाला ते सांगा, असं तिला विचारलं. तो जे म्हणाला ते मराठीत, कोर्ट तमिळमध्ये. मग अम्माला आयुष्यात पहिल्यांदा उलटं करावं लागलं. मराठीतून तमिळमध्ये. आणि ती, जी कधी अडखळली नाही, अडखळली. सावलीचं ते वाक्य तिने तीनदा सुरू केलं आणि सोडलं. तो पिंजऱ्यातून तिच्याकडे बघत होता, वाकड्या तोंडाने, आणि त्याचे ओठ हलत होते. तो तिला शब्द आठवून देत होता.

त्याच्या वकिलाने अगदी आदराने विचारलं, “अम्मा, हे वाक्य तुम्ही सर्वांत आधी कुणाच्या तोंडून ऐकलंत?”

सरकारी वकिलांनी तिला बजावून ठेवलं होतं, आठवत नाही म्हणा. ते वाक्य घरचं निघालं तर सगळं त्याच्या बाजूला झुकेल. अप्पांनी माझा हात धरला होता.

“ते माझंच आहे,” अम्मा तमिळमध्ये म्हणाली. “मी घरी गोष्ट सांगताना म्हणायची. पुस्तकात नाही, त्याच्याजवळ नव्हतं. आमच्या छपरावर लपून बसल्याशिवाय ते कुणाला कळायची सोय नाही.” मग थांबून म्हणाली, “माझ्या दोन मुली ते रोज ऐकत होत्या. त्यांनी कुणाचा पाय तोडला नाही.”

वकील खाली बसला. छपरावरचं गोणपाट, थोटकं, वेण्या, सगळं त्यानंतर खरं वाटायला लागलं. त्याला शिक्षा झाली, मोठी झाली. तुरुंगातच पुढे कशाने तरी मेला असं कळलं, त्या दिवशी मी पुण्यात गोड केलं.

साक्ष झाली त्या दिवशी कोर्टाबाहेर पिंपळाखाली अम्मा अक्काला म्हणाली, “चल मुली, घरीं जाऊं.” अक्काने तमिळमध्ये उत्तर दिलं, “सरी, पोलाम.” बरं, जाऊ या. अप्पांनी ऐकलं. उंबऱ्याच्या आत आल्यावरही ती तमिळमध्येच बोलली आणि अप्पा आपलं उपरणं घडी करत बसले. नंतर ती मद्रासला नोकरीला गेली, आठ बोटांनी टाइप करून तिथे वरच्या जागेवर पोचली, लग्न केलं, दोन मुलं झाली. मुलांना मराठीचा गंध नाही. आम्हाला वाटलं होतं, थोड्या दिवसांनी निवळेल. निवळलं नाही. माझ्याशीही ती तमिळमध्येच बोलते, मी मराठीत. अम्मा वर्षानुवर्षं मराठीत विचारत राहिली आणि अक्का तमिळमध्ये उत्तरं देत राहिली, दोघींपैकी एकीनेही हटायचं नाव काढलं नाही.

अप्पा गेल्यावर एका सुट्टीत आम्ही दोघी तंजावूरला अम्माकडे होतो. जेवायची पानं मांडत होतो. अम्मा आता थकली आहे, पण मुसळ अजून चौकातच उभं असतं. ती अक्काला म्हणाली, “एवढीं वर्षें झालीं. मजशीं तरी बोलना काय? मी कोण लागतें तुझी?”

अक्का पान पुसता पुसता थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ती तमिळमध्ये म्हणाली, “अम्मा, तो त्या दिवशी बोलत होता ना, तेव्हा मी डोळे मिटले होते. मला वाटलं, तूच कोयता घेऊन उभी आहेस.”

मला उठून काहीतरी बोलावंसं वाटलं, पण बोलायचं कोणत्या भाषेत तेच कळेना. मग अम्माने भाताचं पातेलं पुढे ओढलं, अक्काच्या पानात वाढलं, आणि रसम घालू की सांबार, ते तमिळमध्ये विचारलं.